तापातलं रक्त

दुसऱ्यांदा माझं पोट पडलं तेव्हा सासऱ्यांनी मला वाशीमच्या डॉक्टरला दाखवलं. त्याने रक्त काढून अकोल्याला तपासायला पाठवलं. त्या दिवशी मला हीव भरलं होतं, दात वाजत होते. पण सांगायचं काय? डास मारायला डीडीटीचे फवारणीवाले गावोगाव फिरू लागले होते, आमच्या भाजीच्या मळ्यापर्यंत अजून पोचले नव्हते. पावसाळ्यात घरातलं कोणी ना कोणी गोधडीखाली असायचंच. हिवाला आम्ही आजार म्हणतच नव्हतो. डॉक्टरने विचारलं नाही, मीही बोलले नाही.

उत्तर आलं, रक्तात गरमी आहे. बाहेरख्याली माणसांचा रोग. नवऱ्याचं रक्त तपासावं असं कोणाच्याही डोक्यात आलं नाही. त्याचं बिचाऱ्याचं गंगाजलच!

"माहेरातूनच घेऊन आली हे," शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात सासू म्हणाली. "इच्यापायी माह्या पोराचे लेकरं खपले."

त्याच दिवशी मला रिठदला माहेरी धाडलं. नवरा गाडीपर्यंतही आला नाही. मळ्यात वांगी तोडत राहिला.

आईने मला काही विचारलं नाही. फक्त धाकट्या बहिणीचं अंथरूण माझ्या शेजारून उचललं. सासूच्या बोलण्यापेक्षा ते मला जास्त लागलं.

वडील मला अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी तापाचंच विचारलं. गोळ्या दिल्या, आणि ताप जाऊन बरेच दिवस झाल्यावर रक्त पुन्हा तपासलं. त्यात काहीच निघालं नाही.

"हिवतापात ही तपासणी फसू शकते," त्या म्हणाल्या. "तापामुळे रक्तात जे तयार होतं, तेच गरमीची खूण म्हणून दिसतं. तुम्हाला तो रोग नव्हताच. गर्भही तापानेच गेले असतील."

वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मात्र संताप आला. चार शब्द विचारले असते तर माझी अब्रू अशी चव्हाट्यावर आली नसती.

वडिलांनी सासरी कळवलं, तसे सासरे न्यायला आले. मी गेले, कारण राहा म्हणणारं माहेरी कोणी नव्हतं. सासूने दारात माझ्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला.

"बरं झालं बाई, औषधानं तुहं रक्त साफ झालं."

"ते खराब नव्हतंच," मी म्हटलं.

"हो व," ती समजुतीने म्हणाली. "आता झालं गेलं इसरून जाय. आमी तुले माफ केलं."