रागातली तपासणी

सांगलीच्या गणपती पेठेत डॉक्टर चिंतामण आपटे, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, यांचा दवाखाना होता. तिथं रोगाचं निदान डॉक्टर करतात अशी लोकांची समजूत होती. निदान करी तो अण्णांचा मूड. चौदा वर्षं कंपाउंडरकी केलेल्या रसूलला हे पक्कं ठाऊक होतं.

सकाळी घरात बायकोशी, गोदावरीबाईंशी, वाजलेलं असलं की दवाखान्यात गळवं फोडली जात, दात उपटले जात, सुया टोचल्या जात. अण्णा हौशी नट; नाटकाच्या तालमीत त्यांची वाहवा झालेली असली की कुणाला काही आजारच नसे. सगळ्यांना गुलाबी मिक्श्चर आणि पाठीवर थाप. म्हणून बाटल्यांवर डोसाच्या कागदी पट्ट्या चिकटवता चिकटवता रसूल रांग लावी. खरं दुखणाईत माणूस तो रागाच्या दिवशी आत सोडी आणि नुसतं बोलायला आलेलं खुशीच्या दिवशी. अण्णांचा हातगुण पेठेत गाजत होता तो असा.

सेहेचाळीस साली रसूलची बायको चांदबी खोकायला लागली. रोज संध्याकाळी ताप, अंगावरचं मांस उतरलेलं. अण्णांचा या दोघांवर भारी जीव. छातीला नळी लावली न लावली तोच काढून ते म्हणाले, सर्दी आहे, अंडी खा. तीन महिने हेच चाललं. खुशीच्या दिवशी सर्दी, दुःखाच्या दिवशीही सर्दी, आणि रागाच्या दिवशी तिला पाहिलं की रागच पळून जाई. ज्या मायेपायी लोक रसूलचा हेवा करत, तीच आता त्याच्या बायकोच्या जिवावर उठली होती. दुसऱ्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे अण्णांच्या तोंडावर थुंकण्यासारखं. रसूलला भीती वाटत होती आणि त्या भीतीची लाजही वाटत होती.

एका सोमवारी त्यानं चांदबीला खुर्चीत बसवलं आणि शांतपणे म्हणाला, "आवं अण्णा, परवाच्या नाटकात तुमी राजा झालता, पर लोकं तोंडाला पदर लावून हसत हुती. लय रडकं काम झालं. मी बी हसलो."

अण्णा लालबुंद झाले. त्यांनी नळी उचलली आणि चांदबीची छाती पहिल्यांदा खरोखर ऐकली. पुढून, मागून, खोकायला लावून. मग कागद ओढून मिरजेकडच्या क्षयाच्या इस्पितळासाठी चिठ्ठी खरडली. उजवं फुप्फुस बिघडलं होतं.

"आजच घेऊन जा हिला. माझ्यासमोर उभा राहू नकोस."

रसूल दारापर्यंत पोचला तोवर राग उतरला होता. अण्णांचे डोळे भरून आले होते. ते म्हणाले, "थांब. मी रागाच्या भरात ऐकलं. चूक झाली असेल. चिठ्ठी दे इकडं, उद्या पुन्हा बघू."

चौदा वर्षांत अण्णांनी मागितलं आणि रसूलनं दिलं नाही असं एकदाही झालं नव्हतं. त्यालाही रडू आलं. त्यानं चिठ्ठी सदऱ्याच्या आतल्या खिशात घातली.

"न्हाई अण्णा," तो म्हणाला. "उद्या तुमाला पुन्यांदा माया यील."

आणि चांदबीचा हात धरून तो पायऱ्या उतरला.