वैजयंतीची थकबाकी

वैजयंती नावाची कोणतीही स्त्री आमच्या घरात राहत नाही, पूर्वी कधी राहत नव्हती आणि यापुढेही तिला राहू दिले जाणार नाही, असं मी वीज कार्यालयाला लेखी कळवलेलं आहे. त्या अर्जात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. मी महाडच्या एका शाळेत मराठी शिकवते आणि पत्रलेखनाचे गुण माझ्या वर्गात कोणी सोडत नाही. अर्जात चूक होती ती फक्त मजकुरात!

त्या दिवशी मी शाळेतून आले तीच अर्धमेली होऊन. हातात तपासायच्या वह्यांचा गठ्ठा, गुडघे कुरकुरत होते, आणि डोक्यात एकच विचार होता, की आता कोणी माझ्याशी बोलू नये. दारात आमचे हे एक पाकीट कोपऱ्याला धरून उभे. हे एस. टी. आगारातून निवृत्त झालेत. स्वभाव असा, की आमटीत मीठ नसलं तर 'आज आमटी जरा वेगळी झालीय' एवढंच म्हणतील.

"हे काहीतरी आलंय," ते म्हणाले.

"काय?"

"लाईटची थकबाकी. भरा, नाहीतर लोक अदालतीला हजर राहा म्हणतायत."

"आपली? आपण तर बिल आल्या आल्या भरतो!"

"आपली नाही. वैजयंतीची."

"कोण वैजयंती?"

"मला वाटलं, तुला माहीत असेल."

मी चष्मा लावून कागद वाचला. 'सौ. वैजयंती', त्यापुढे ह्यांचं नाव, त्यापुढे आमचं आडनाव. वीज जोडणी कुठली, तर पोलादपूर तालुक्यातलं, उमरठच्या वाटेवरचं ह्यांचं गाव. पत्रव्यवहाराचा पत्ता मात्र आमच्या घराचा. नुसती वैजयंती असती तर एक वेळ चाललं असतं. ही सौभाग्यवती होती, आणि तिचं सौभाग्य माझ्यासमोर बनियनवर उभं होतं!

"बाबांनी काहीतरी घेतलं असेल," हे म्हणाले.

"वा! आता गेलेल्या माणसाच्या नावावर ढकला!"

आमचे सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. त्याच्याही आधीपासून गावचं घर बंद. पण हे महिन्यातून एकदा गावी जातात. कशाला, तर फणस बघायला. इतकी वर्षं मी त्यांना डबा करून दिला आणि एकदाही विचारलं नाही, की फणसाला एवढं बघण्यासारखं असतं काय? तो काय पळून जाणार आहे?

शेजारच्या शमीमभाभींकडे गेले. त्यांच्या यजमानांचे ट्रक आहेत, त्यामुळे नोटिसा, दंड, तारखा यांची त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहिती. त्यांनी कागद वाचला आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"मंगलताई, भाईसाब आणि दुसरं घर? अहो, त्यांना एका घराची चावी सापडत नाही!"

"भाभी, थकबाकी आहे म्हणजे बिल आहे. बिल आहे म्हणजे मीटर आहे. मीटर आहे म्हणजे घर आहे. आणि घर आहे म्हणजे..."

"पण बिल भरत नाहीत त्याचं काय?"

"म्हणजे तिला धड सांभाळतही नाहीत!" मी म्हणाले. (आणि खरं सांगते, क्षणभर मला त्या वैजयंतीचीच कीव आली. बिचारी अंधारात बसली असेल.)

रात्रीचा स्वयंपाक तसाच ठेवून मी अर्ज लिहिला. प्रति, विषय, महोदय, सगळं जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी वीज कार्यालयात नेऊन दिला. खिडकीतल्या साहेबांनी तो दोनदा वाचला. माणूस आधीच दमलेला दिसत होता, माझा अर्ज वाचून आणखी दमला.

"म्हणजे ही ग्राहक नाहीच?"

"नाहीच."

"मग थकबाकी मागायची कोणाकडे?"

"जी नाही तिच्याकडे मागा!" मी म्हणाले, आणि पोच घेऊन तरातरा निघून आले.

घरी मी अबोला धरला. अबोला धरणं सोपं नसतं हो. त्यात दुप्पट बोलावं लागतं. "कुणाला भाजी हवी असेल तर कढईत आहे," असं भिंतीला सांगायचं. "काही लोकांना फणस फार आवडतात," असं मिक्सरला सांगायचं. दोन दिवसांत माझा घसा बसला. हे मुकाट्यानं जेवायचे, ताट उचलून ठेवायचे. मग एका संध्याकाळी ते माझ्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, "मंगल, मी खरंच ओळखत नाही गं तिला."

एवढंच. पण आवाज असा, की माझ्या हातातली लाल पेन्सिल थांबली. हा माणूस खोटं बोलत असेल, तर माझा इतक्या वर्षांचा संसार पाण्यात. आणि खरं बोलत असेल, तर मी एका गरीब माणसाला साऱ्या गल्लीत बदनाम करून ठेवलेलं. दोन्हीकडून माझीच पंचाईत! आणि मला तर तेव्हा साधं पडून राहण्याइतकंही त्राण नव्हतं.

"चला," मी म्हणाले. "मला ते घर दाखवा."

रविवारी पोलादपूरची एस. टी. धरली. खिडकीची जागा ह्यांनी मलाच दिली, पिशवी मांडीवर घेतली आणि सबंध प्रवासात एका शब्दानं माझ्याबद्दल तक्रार केली नाही. त्यानं तर माझा संशय वाढलाच! पुढे वडापची, माणसं कोंबून भरलेली जीप, तिच्यातून उतरून चढण. गुडघ्यांनी मला शिव्या घातल्या, त्या मी वैजयंतीच्या खात्यावर टाकल्या.

गावचं घर कुलूपबंद. तिथलं मीटर सासऱ्यांच्या नावाचं, बिल वेळच्या वेळी भरलेलं. मग आम्ही घराला वळसा घालून मागे गेलो. तिथे पूर्वी सासऱ्यांचा गोठा होता. आता छप्पर अर्धं खाली आलेलं, आत तरवड्याचं रान माजलेलं. उभ्या राहिलेल्या एकाच खांबावर एक लाकडी फळी आणि फळीवर मीटर. नंबर नोटिशीतलाच! ज्या प्रेमाच्या घरट्यापायी मी चार रात्री तळमळले, तिथे आता गांधीलमाश्यांनी घरटं केलं होतं.

"इथे राहते ती?" मी विचारलं.

"इथे म्हशी राहायच्या," हे म्हणाले.

तेवढ्यात शेजारच्या घरातून जनाकाकी बाहेर आल्या. ह्यांच्या सख्ख्या काकी. वय झालंय, पण नजर अशी, की कोणाची कोंबडी कोणाच्या परसात गेली ते बसल्या जागी सांगतील.

"आलीस गो? किती वर्सांनी आलीस!"

मी सरळ मुद्द्याला हात घातला. "काकी, खरं सांगा. ह्या गावात वैजयंती नावाची बाई कोण आहे?"

काकी माझ्याकडे बघत राहिल्या. मग ह्यांच्याकडे वळल्या. "काय रे, हिला बरं नाय काय?"

"का हो काकी?"

"आरं, ही सोताचंच नाव इचारतेय!"

मी मटकन दगडावर बसले. काकी खोखो हसत होत्या. "गो बाय, तूच ती वैजंती! लगनात तुजं नाव ठेवलेलं नाय काय? ताटात तांदूळ पसरलेलं आनि ह्यानं आंगठीनं लिवलेलं. मी समई धरून उभी व्हते. पेढं खाल्लं ना सगळ्यांनी!"

मी ह्यांच्याकडे वळले. "तुम्ही लिहिलं होतंत?"

"बाबा एकेक अक्षर सांगत होते," हे गोरेमोरे होऊन म्हणाले. "मी अनुस्वार, वेलांटी बघत होतो. शब्द काय होतोय तिकडे लक्षच नव्हतं."

"आणि 'वै'वर मात्रा किती दिल्या?"

"मला वाटतं, एकच."

म्हणजे त्यातही चूक!

मग हळूहळू मला आठवलं. लग्नाच्या दिवशी मी इतकी पेंगुळलेली होते, की ताटाकडे बघितलं तर नुसते तांदूळ दिसले. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी सासऱ्यांना सांगून टाकलं, माझी सगळी सर्टिफिकेटं मंगल नावाची आहेत, नोकरी करायची आहे, मी नाव बदलणार नाही. ते "बरं" म्हणाले आणि अंघोळीला गेले. कोणतं नाव ठेवलं होतं, हेही मी विचारलं नाही. घरात फुकट काही जात नसे, त्यामुळे ताटातल्या तांदळाचा दुपारी भात झाला. माझं नाव भातात गेलं, आणि मी त्यावर वरण वाढून घेतलं!

"तुज्या सासऱ्याला लय आवडायचं ते नाव," काकी आता हळू आवाजात म्हणाल्या. "पन तुला हाक मारता आली नाय कदी. मंग गोठ्यात लाईट घेतली तवा साहेबानं इचारलं, कुनाचं नाव टाकू? तर म्हनला, सुनेचं टाका. सुनेच्या नावानं उजेड पडूदे."

मला एकदम भरून आलं. शेवटची वर्षं सासरे आमच्याकडे महाडला होते. मरेपर्यंत मला 'मंगल' म्हणूनच हाक मारली, एकदाही चुकले नाहीत. आणि इकडे म्हशींच्या डोक्यावर माझ्या नावाचा दिवा लावून ठेवला होता. पुढे म्हशी विकल्या, वीज कार्यालयात महाडचा पत्ता देऊन ते आमच्याकडे आले, आणि गोठ्याकडे कोणी फिरकेना. बिलं खांबाला अडकवून जात असतील, आणि ती खायला तिथे म्हैसही उरली नव्हती. सुनेच्या नावानं उजेड पडावा म्हणे! पडला की. सबंध गल्लीत पडला!

सोमवारी आम्ही दोघं पुन्हा वीज कार्यालयात. खिडकीत तेच साहेब.

"ती थकबाकी माझी आहे," मी म्हणाले.

"तुम्ही कोण?"

"वैजयंती."

त्यांनी फाइल काढली. माझा अर्ज काढला. आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. "'यापुढेही तिला राहू दिले जाणार नाही.' मॅडम, तुम्हीच हाकलून दिलंय तिला."

"ती मीच आहे हो!"

"आधार कार्ड?"

"मंगल."

"लग्नाची पत्रिका?"

"मंगल."

"मग वैजयंती आहे कुठे?"

"भातात!" मी ओरडले.

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मॅडम, इथे सगळे येतात ते थकबाकी आमची नाही म्हणून भांडतात. आमचीच आहे म्हणून भांडणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदा बघतोय."

आणि तेवढ्यात माझ्या मागून एक आवाज आला. असा खणखणीत आवाज मी आमच्या घरात कधी ऐकला नव्हता. "अहो, हीच वैजयंती आहे! माझी बायको आहे! नाव मी ठेवलंय!"

हे होते. सबंध रांग आमच्याकडे बघायला लागली. कोणीतरी टाळीही वाजवली. मी जमिनीकडे बघत उभी राहिले.

साहेब शांतपणे म्हणाले, "काका, पैसे कोणीही भरलेले चालतात. नाव लागत नाही. शेजारच्या खिडकीत जा."

भरले. पावती वैजयंतीच्या नावाची निघाली. अर्ज मात्र फाइलमध्येच राहिला. परत मागितला, तर म्हणे, आवक क्रमांक पडलाय, आता देता येत नाही.

घरी आलो, तर दारातच शमीमभाभी. "काय मग, सवत सापडली?"

"सापडली."

"कशी आहे हो?"

"वय झालंय. गुडघे दुखतात. आणि जरा संशयी आहे."

भाभींना कळायला अर्धं मिनिट लागलं. मग त्या ज्या हसत सुटल्या, त्या कठड्याला धरूनच आत गेल्या.

संध्याकाळी मी ह्यांच्यापुढे जाऊन बसले. "चुकलं माझं," म्हणाले. "चार माणसांत तुमची बेअब्रू केली." त्यांनी माझ्या मांडीवरचा वह्यांचा गठ्ठा उचलून बाजूला ठेवला, मला पडायला सांगितलं आणि आत गेले. मला फार बरं वाटलं. डोळे मिटले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मनाला स्वस्थता होती. नवरा आपला आहे, घर एकच आहे, आणि ह्या माणसावर पुन्हा म्हणून कधी संशय घ्यायचा नाही, असं मी अगदी मनोमन ठरवलं.

स्वयंपाकघरातून ह्यांची लाडिक हाक आली, "वैजयंती, चहात आलं घालू का?"

मी ताडकन उठून बसले. "कोण आलीय हो आत?"