तिसरा पुकारा

"साक्ष झाली. माझा काम झाला." असं म्हणून तो उठला आणि ओट्याखाली चपला शोधायला लागला.

टीव्हीवर न्यायाधीश चष्मा पुसत होता. आता निकाल लागणार, खुनी कोण ते कळणार, आणि हा चालला. रोजचंच होतं ते. कोर्टाची मालिका माझ्या टीव्हीवर दोघांनी बघायची आणि निकालाच्या तोंडावर ह्याने उठायचं. मी म्हटलं, "अरे, दोन मिनिटां बस."

"निकाल ऐकूचा पट्टेवाल्याचा काम नाय. आपण साक्षीदाराक आत सोडूचा आणि दार लोटूचा."

अंगणात जाऊन परत वळला. "उद्या नवाच्या गाडयेन जा. आणि जा दिसला ताच सांग."

आम्ही दोघांनी मिळून केलेली ही शेवटची गोष्ट.

तो माझा शेजारी. दोन घरांच्या मध्ये चिऱ्यांचा गडगा, म्हणजे बुटकी भिंत, मीच रचलेला. मी चौथी शिकलो आणि जन्मभर खाणीत चिरे काढले, तेव्हा लिहिण्यात चुकलं तर सोडून द्या. तो तीस वर्षं कोर्टात पट्टेवाला होता. आधी ओरोसला, मग मालवणला. दारात उभं राहून साक्षीदारांची नावं पुकारायची. एक नाव तीन वेळा. तिसऱ्या पुकाऱ्यालाही कोणी उठलं नाही तर गैरहजर.

नोकरी सुटली, आवाज सुटला नाही. संध्याकाळी गडग्यापलीकडून माझं नाव, बापाचं नाव, आडनाव. बांधावरचे कावळे उडायचे. मी मुद्दाम तिसऱ्या पुकाऱ्याला ओ द्यायचो. मी तसाच होतो. घरात बायकोलाही तीन हाका माराव्या लागत. ती म्हणायची, "तुमका पयल्या दोन हाका म्हंजे वारो."

मालिका बघताना तो खुनी कोण हे शोधायचा नाही. चुका शोधायचा. तुम्हीही अशी माणसं बघितली असतील. हॉटेलात जाऊन भाताचं शीत चेपून बघणारा आचारी असतो, तसा. न्यायाधीशाने हातोडी आपटली की हा म्हणायचा, "ही सुताराची हयसर कशी इली?" वकील हात उडवत फिरायला लागला की म्हणायचा, "इतको फिरलो तर टायपिंगवाल्याक ऐकू येयत काय?" त्याने मला शिकवलं होतं, साक्ष हळू द्यायची. एक वाक्य बोलायचं, टायपिंगवाल्याची बोटं थांबेपर्यंत थांबायचं, मग दुसरं.

सगळ्यात राग शेवटच्या साक्षीदाराचा. खटला हरत आला की दार धाडकन उघडतं आणि कोणीतरी धावत येतो, "थांबा, खून मी बघितलाय!" हा मांडीवर थाप मारायचा. "शिरा पडो! दारार पट्टेवालो खंय गेलो? पुकारो नाय आणि हो आत कसो?"

पण मला तोच साक्षीदार आवडायचा. तो येतो, बोट दाखवतो, खुन्याला घाम फुटतो आणि तो रडत सगळं कबूल करतो. मला तसंच करायचं होतं. माझी तारीख जवळ आली होती.

दोन वर्षांपूर्वी आमच्या फाट्यावर माझ्या बायकोला ट्रकाने उडवली. चालक ट्रक टाकून पळाला. पुढे ज्याला पकडला तो म्हणतो, मी नव्हतोच गाडीवर. आता त्याचं तोंड ओळखणारा साक्षीदार हवा होता. मी सगळ्यांना सांगितलं होतं की मी तिच्याबरोबर चालत होतो, मी त्याला बघितला. माझ्या मुलीलाही तेच सांगितलं होतं.

तारखेच्या पाच दिवस आधी त्याने मध्येच टीव्ही बंद केला. माझ्यापुढे खुर्ची उलटी ठेवली.

"हो पिंजरो. उभो रव. आता मी त्या ड्रायव्हराचो वकील. ट्रक बघलंस?"

"बघलंय."

"चालवी कोण होतो?"

"तोच. काचेक लिंबू बांधलेला होता, त्येच्या मागे त्येचा तोंड."

"लिंबवाक दोरो कसलो?"

"लाल."

तो माझ्याकडे बघत राहिला. चेहऱ्यावर हसू नव्हतं. "मेल्या, ता लिंबू गेल्या मंगळवारच्या खुन्याच्या गाडयेक होता. लाल दोऱ्याचा. हयच बसान बघलंस."

मी जाणूनबुजून खोटं बोलत नव्हतो हो. मला ते तोंड खरंच दिसत होतं. डोळे मिटले की काच, लिंबू आणि ते तोंड.

"मालिकेत साक्षीदार बोलूक लागलो," तो म्हणाला, "की मागचा सगळा पडद्यार दिसता. रस्तो, गाडी, रक्त. कोर्टात कोणाक काय दिसणा नाय. तुझा तोंड तेवढा दिसता. सांग, त्या वेळेक तुझा तोंड खंय होता?"

त्याने पुन्हा विचारलं, त्याच आवाजात. माझ्या मानेवरून घाम उतरत होता. आधी बोट दाखवल्यावर घाम फुटतो ते टीव्हीत बघितलं होतं. इथे तो मलाच फुटला. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, "पुढे."

"आणि ती?"

"मागे."

हे मी दोन वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं. आम्ही मालवणच्या बाजारातून आलो, फाट्यावर उतरलो आणि तिला आठवलं की छत्री मासळीबाजारात राहिली. नवी छत्री. मी तिला रस्त्यातच नको ते बोललो आणि तरातरा पुढे निघालो. ती पिशवी घेऊन मागे. "आवो," तिने हाक मारली. मग पुन्हा एकदा, "आवो." मी वळलो नाही. तिसरी हाक आली की वळणार होतो.

ते ऐकून तो खुर्चीवर बसला. पाठीवर हात बित काही ठेवला नाही. तो तसला नव्हता. त्याने विचारलं, "ट्रक भरललो की रिकामो?"

"भरललो. चिऱ्यांचो."

"कसा कळला?"

"आवाजान. उतारार सोडलेलो होतो, गिअरात नव्हतो."

"हॉर्न?"

"नाय. ब्रेकय मागाहून लागलो."

"ता सांग."

"आणि तोंड नाय बघलंय म्हणान सांगू? तो सुटात!"

"सुटात नायतर नाय सुटात. पण लिंबू सांगितलंस तर त्येचो वकील तुका सोलून काढतलो आणि मगे हॉर्नाचाय कोण खरा मानूचो नाय."

"माझा चेडू थय बसलेला आसतला. आपलो बापूस पुढे निघान गेलो, ह्या त्येना ऐकाक होया? त्येका काय वाटात?"

"ता साक्षीदाराक कोण इचारणा नाय."

मला इतका राग आला की मी म्हटलं, "त्या ड्रायव्हरान तुका किती दिल्यान रे? तू फितूर झालंस!"

तीस वर्षं कोर्टाच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाला मी हे बोललो. त्याने खुर्ची सरळ करून भिंतीला लावली आणि गेला.

तीन दिवस गडग्यापलीकडून पुकारा नाही. मालिका मी एकट्याने बघितली. निकालसुद्धा बघितला. काही मजा नाही त्यात.

चौथ्या दिवशी संध्याकाळी त्याने पुकारा केला. मी तिसऱ्याला ओ दिली. तो येऊन आपल्या जागेवर बसला आणि आम्ही टीव्ही लावला. उठताना जे बोलला ते मी वर लिहिलंच आहे.

सकाळी सहाला त्याची सून गडग्याशी आली. "काका, बाबा उठणत नाय."

मी गेलो. हात छातीवर, पाय गार. कोर्टातला बिल्ल्याचा पट्टा अजून खुंटीला होता. मालिकेत असं दाखवलं असतं तर त्यानेच हात झटकला असता, "खोटा! साक्षीच्या सकाळीच कोण मरता काय?"

त्याचा मुलगा पुण्याहून निघाला होता, तीनपर्यंत येणार होता. तोवर न्यायचं नव्हतं. माणसं जमली. सगळे मला म्हणाले, "तू आज रव. तारीख पुढची मागूया." कारण चांगलं होतं. कोणी नाव ठेवलं नसतं. मी त्याच्या पायांशी बराच वेळ उभा राहिलो. मग नवाची गाडी पकडली.

कोर्टाच्या व्हरांड्यात मुलगी बसली होती. तिने माझ्या सदऱ्याची कॉलर नीट केली. "बाबा, घाबरू नका. दिसला ता सांगा." तिच्या तोंडी तेच शब्द. मी खाली बघितलं.

दारात नवा पट्टेवाला होता. हातात कागद, आवाज बारीक. त्याने माझं नाव घेतलं, बापाचं घेतलं, आडनाव घेतलं. दुसऱ्या पुकाऱ्यासाठी त्याने तोंड उघडलं तेव्हा मी त्याच्यासमोर उभा होतो.

"हजर," मी म्हटलं.

पिंजऱ्यात ईश्वरसाक्ष खरं सांगेन म्हणून शपथ घेतली. सरकारी वकीलबाईंनी विचारलं, अपघात झाला तेव्हा तुम्ही कुठे होतात?

"मी पुढे चाललो होतो. माझी पाठ होती."

टायपिंगवाल्याची बोटं चालली. मी थांबलो. शेवटच्या बाकावर मुलगी एकदम ताठ झाली. बोटं थांबली. मी तोंड तिच्याकडे केलं आणि पुढचं वाक्य सांगितलं.

"तिने मला दोन हाका मारल्या."