अध्यक्षांच्या चौकटीतली फुली

आमच्या समाजाच्या अध्यक्षांच्या फोटोच्या जागी मी फुली मारली, आणि तो कागद त्यांच्याच ओसरीवर बसून त्यांच्याच हातात दिला.

पोवार समाजाला मुलामुलींची लग्नं जुळवण्यासाठी वेबसाइट हवी होती. मी पुण्याच्या कंपनीतून बिनपगारी सुटी काढून बायकोसह गोंदियाला आईकडे आलो होतो. हे काम मिळालं तर इथेच बस्तान, नाहीतर मुकाट्याने परत पुणे, असं आमचं ठरलेलं. लोकांना नेमकं काय हवंय ते कळावं म्हणून मी वायरफ्रेम काढून नेल्या. म्हणजे वेबसाइटच्या पानांचे कच्चे नकाशे. नुसत्या चौकटी, ना रंग ना सजावट. जिथे फोटो येणार तिथे आमच्या धंद्यात चौकटीत फुली काढतात. तिच्याखाली मी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘अध्यक्ष’.

काकाजींनी, म्हणजे अध्यक्षांनी, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

“माह्या थोबाडावर फुली काऊन मारली गा?”

“काकाजी, तिथं तुमचा फोटो येणार आहे.”

“येनार हाये त फुली कायले?”

“राहू द्या अध्यक्षजी,” बाजूला बसलेले समाजाचे सचिव म्हणाले, “विरोधी पार्टीले दाखवू. फ्रेम करून लावतीन.”

ओसरीवर जमलेले सगळे हसले, काकाजी सोडून. मी समजावू लागलो, आणि जितकं समजावलं तितकं काम हातातून जाताना दिसू लागलं. शेवटी कोरा कागद आणि पेन्सिल त्यांच्यापुढे सरकवली. “तुम्हीच काढून दाखवा ना.”

काकाजींनी माझं दुसरं पान उचललं. त्यावर मुलीचा फोटो सगळ्यात वर होता, चांगला ऐसपैस. त्यांनी कोऱ्या कागदावर वर चौकट काढून लिहिलं, ‘कुळ’. फोटो पार पुढच्या पानावर ढकलला.

“पोरानं आधी फोटो पाहिला, मन बसलं, अन् मंग कुळ एकच निघालं त? त्याले समजवाले तू येशील का?”

एका कुळात आमच्यात सोयरीक होत नाही. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा मला पाणी द्यायच्या आधी माझं कुळ विचारलं होतं. पण पुण्यात राहून माझ्या डोक्यातून ते गेलं, ते गेलंच.

तेवढ्यात सचिवांनी पेन्सिल ओढली. “पोरीचा फोन नंबर नको. मामाचा टाक.”

“मामाचा काऊन? काका मेला का?” काकाजी गरजले.

ते भांडत राहिले, मी खोडत आणि लिहीत राहिलो. दुसऱ्यांदा चहा आला तोवर सगळी पानं तयार होती, आणि त्यात माझी एकही चौकट जागेवर नव्हती.

“पोरगा शिकलेला हाये,” काकाजी सचिवांना म्हणाले, “पन सांगतलं त आयकते. देऊन टाका यालेच काम.”

घरी येऊन मी हे सगळं बायकोला रंगवून सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, “मंग पुण्याचं गॅस कनेक्शन इकडे करून घ्या. आईच्या सिलिंडरवर किती दिवस भात शिजवाचा?”