पुन्हा गोळा करा

माझ्या मामाला सगळं हॉस्पिटल थेंबमामा म्हणायचं. तो तिथल्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होता, आणि गरोदर बायकांच्या हातात प्लास्टिकचा मोठा डबा देताना त्याचं एकच पालुपद असायचं, "चोवीस तासांची लघवी, एक थेंब बाहेर जाता कामा नये." बायका लाजेनं अर्ध्या व्हायच्या. डबा एका पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि बरोबरचा नवरा दहा पावलं मागे. मामा मात्र नाजूक पार्सल आल्यासारखा तो दोन्ही हातांनी घ्यायचा आणि घेता घेताच हातात तोलून बघायचा.

पोटातल्या बाळाची खुशाली कळायला तेव्हा आमच्याकडे आजच्यासारखी यंत्रं नव्हती. होती ती लघवीची तपासणी. बाळाला पोसणारी वार, म्हणजे नाळेच्या दुसऱ्या टोकाचा तो मांसल गोळा, लोकांच्या लेखी बाळंतपणानंतर टाकून द्यायची वस्तू. मामा त्यावर चिडायचा. "अगं, ती नुसती नळी नाही, मुकादम आहे मुकादम," असं मला सांगायचा. "स्वतः हार्मोन तयार करते आणि आईच्या शरीराला दटावते, सगळी साखर तूच संपवू नकोस, पोराला राहू दे. म्हणून तर बाळ वाढतं." त्यातलं एक हार्मोन, इस्ट्रिओल, वार आणि बाळ मिळून बनवतात आणि ते आईच्या लघवीत उतरतं. त्याचा आकडा चढत गेला तर ठीक. एकदम पडला तर वार थकली, बाळ उपाशी. मग डॉक्टर वाट बघत बसायचे नाहीत, बाळ बाहेर काढायचे.

पण बायका एखादी वेळ विसरायच्या, आणि अर्धवट डब्याचा आकडाही कमीच यायचा. म्हणून आकडा पडला की मामा आधी बाईला विचारायचा, "एखादी वेळ चुकली का?" ती हो म्हणाली की डब्यावर चिठ्ठी चिकटवायचा: पुन्हा गोळा करा.

माझ्या आधी आईला एक बाळ होणार होतं. आठवा महिना सरला तरी पोट वाढेना. डॉक्टरांनी दर आठवड्याला डबा सांगितला, आणि तो अर्थातच मामाकडे जायचा. सख्ख्या बहिणीचं काम, त्यानं डोळ्यांत तेल घालून केलं. तिसऱ्या आठवड्यात आकडा निम्म्यावर आला. मामा तडक घरी आला. आई खिडकीशी बसून टोपरं विणत होती.

"ताई, खरं सांग, एखादी वेळ चुकली का?"

"हो रे," आई म्हणाली. "सकाळची. घाईत राहून गेली."

मामानं चिठ्ठी लिहिली. एक दिवस दुसरा डबा भरण्यात गेला, एक दिवस तपासण्यात. ती तपासणीही महावेळखाऊ, उकळा, गाळा, थांबा. आकडा हाती यायच्या आत बाळाचे ठोके थांबले. मुलगी होती. वजन पावणेदोन किलोही नव्हतं.

त्यानंतर मामानं त्या डब्याला हात लावला नाही. रक्तातली साखर मोजायला लागला आणि निवृत्त होईपर्यंत तेच करत राहिला. तीही प्रत्येक नमुन्याची दोनदा मोजायचा, वरचे कितीही ओरडले तरी. घराला कुलूप लावून अर्ध्या वाटेतून ते ओढून बघायला परत यायचा. लहानपणी मी त्याला हसायचे. "दोन दिवस घालवले मी," एवढंच एक वाक्य तो कधीमधी बोलायचा, समोर कुणी नसल्यासारखं. आईनं मात्र त्याला उभ्या आयुष्यात एका शब्दानं दोष दिला नाही. केवढं मोठं मन, असं मला वाटायचं. मी मूर्ख होते.

गेल्या महिन्यात मी माझा रिपोर्ट घेऊन आईकडे गेले. मला सातवा लागलाय. सोनोग्राफीत वारेचा रक्तपुरवठा उत्तम, बाळाचं वजन बरोबर. मामा आलेलाच होता. त्यानं चष्मा पुसून रिपोर्ट पाच वेळा वाचला, चहा पार गार झाला.

"छान आहे," तो म्हणाला. मग स्वतःशीच, "तेव्हा मी दोन दिवस घालवले."

आई गॅसपाशी उभी होती. पाठमोरीच म्हणाली, "चुकली नव्हती."

"काय?"

"एकही वेळ चुकली नव्हती. तुझा चेहरा बघितला आणि घाबरले. वाटलं, हो म्हटलं की तो आकडा खोटा ठरेल. आज सांगते, उद्या सांगते करत चौतीस वर्षं गेली. तू झुरत राहिलास आणि मी नुसती बघत राहिले."

मला वाटलं, आता हा भडकणार. नाहीतर सुटणार तरी, डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखा. त्यानं रिपोर्टची घडी घातली आणि ती टेबलावर हातानं सपाट केली.

"मला माहीत होतं, ताई."

आई वळली.

"डबा हातात घेतला तेव्हाच कळलं होतं. सतराशे मिलिलिटर भरलं. सगळं होतं त्यात. मी वहीत लिहिलंसुद्धा. असा भरलेला डबा दुसऱ्या कुणा बाईचा असता तर तिला न विचारता तसाच डॉक्टरांकडे धावलो असतो. तुझं होतं म्हणून आधी तुला विचारायला आलो. तू हो म्हणावंस म्हणूनच आलो होतो."

मला दोघांचाही राग आला आणि दोघांसाठीही जीव तुटला. इतकी वर्षं समोरासमोर बसून चहा प्यायले, एकमेकांची दुखणीखुपणी काढली, आणि हे एवढं एक दोघांनीही पोटात ठेवलं.

आई खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "तू विचारायलाच नको होतंस रे."

तिनं त्याला दिलेला हा पहिला दोष.

"नकोच होतं, ताई," मामा म्हणाला, आणि सदुसष्ट वर्षांच्या बहिणीसमोर तो धाकटा भाऊ रडायला लागला.