पाच नंबरची खुर्ची

या दवाखान्यातल्या खुर्च्यांवर रंगानं नंबर टाकलेत, आणि एक जण उठला की मागचे सगळे एकेक खुर्ची पुढे सरकतात. आज कंपाउंडर खुर्च्यांचे नंबर लिहिलेला कागद घेऊन आला. "तीन आणि पाच, तुमचे रिपोर्ट आले नाहीत. उद्या या." तीनवाला उठला. सवयीनं सगळे सरकले. मग कंपाउंडर पाच नंबरसमोर थांबला.

"आजी, उठा."

"मी सहावर होते रे. हा बघ माझा रिपोर्ट."

"आता पाचवर बसलात ना? मग!"

मला शिसारी आली. माझं पोट प्रोग्रामिंगवर चालतं. यादीतल्या निवडक ओळी काढताना नवशिके हीच घाण करून ठेवतात. वरून काढत जातात, खालच्या ओळी वर सरकतात आणि भलतीच ओळ पुसली जाते. म्हणून शेवटून काढायचं. आधी पाच, मग तीन. एवढ्यावरून मी कितीजणांना झापलंय! पण स्क्रीनवरची ओळ निदान बोलत तरी नाही. इथं ती बोलत होती, रिपोर्टचं पाकीट उघडून दाखवत होती, तरी खुर्चीचा नंबरच खरा. आणि मूळचा पाचवाला चारवर, मोबाइलमध्ये तोंड खुपसून.

"अहो, शेवटून उठवायचं असतं," एवढंच म्हणायचं होतं मला. जिभेवर होतं.

आजी पाकीट सांभाळत दाराबाहेर गेल्या. सगळे सरकले. मीही सरकलो. पाच नंबरची खुर्ची अजून गरम होती.