डावी विंग

दुपारचे तीन वाजलेत. मेकअप रूममधल्या खुर्चीत नीलाक्षी डोळे मिटून पडली आहे, पण झोप कसली येतेय! "अर्धा तास पड गं बाई, चेहरा बघ किती उतरलाय," असं दटावून रंगभूषेच्या हौसाताईंनी दिवा मालवलाय. पाच वाजता शुभारंभाचा प्रयोग. नाटक चारशे वर्षांपूर्वीचं, विलायती, जुळ्या भावंडांचं. गलबत फुटतं, बहिणीला वाटतं भाऊ बुडाला, ती पुरुषी वेशात वावरते, नुसता सावळा गोंधळ होतो आणि शेवटी भाऊ समोर उभा! लोक हसून हसून बेजार होतात.

बारा वर्षांपूर्वी हेच नाटक तिनं सख्ख्या जुळ्या भावाबरोबर, निरंजनबरोबर केलं होतं. साठ प्रयोग. साठही वेळा तो डाव्या विंगेतून आला. गेल्या श्रावणात तो गेला, हृदयविकारानं, उभ्याउभ्या. आता सगळं नवं बसवलंय, आणि भावाचं काम करणारा कौस्तुभ उजवीकडून येतो, कारण डावीकडे फुटकं गलबत ठेवलंय. तर तालमीत ही बया दर वेळी वळते डावीकडेच! रिकाम्या विंगेकडे बघून भावाला हाका मारते आणि कौस्तुभ बिचारा पाठीमागे ताटकळतो. काल दिग्दर्शक पराडकरांनी हात टेकले. "नीलाक्षीताई, उद्या चुकलात तर पुढच्या प्रयोगाला तुमच्या जागी मुग्धा उभी राहील. माझा नाइलाज आहे."

खुर्ची डुलते. खुर्ची कुठली, पायाखाली गलबताच्या फळ्या आहेत. पाणी मात्र कुठंच नाही. फळ्यांपलीकडे इस्लामपूरच्या, लहानपणी दोघं शिकली त्या शाळेचं पटांगण आहे, आणि पटांगणाच्या डाव्या अंगाला एक काळा पडदा लोंबतोय. पडदा बाजूला सारून निरंजन येतो. अंगात हाफ शर्ट, तोंडात बडीशेप.

"काय नीलू, तंतरली का?"

"कुठं होतास तू?" तिला राग येतो, चांगला खणखणीत राग. "न सांगता जातात का असं?"

"मला तरी कुणी सांगितलं होतं!"

पहिली घंटा होते. पटांगण आता दवाखान्याचा व्हरांडा झालंय. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर प्रेक्षक बसलेत, हातात तिकिटं. सगळे तिच्याकडेच बघतायत.

"वेळ नाही, ऐक," निरंजन भराभरा बोलतो. "इकडं बघू नकोस. उजवीकडं बघ. पोरगा केव्हाचा उभा आहे, घामानं थबथबलाय."

"तो तू नाहीयेस."

"नाहीच आहे. पण त्याला तेवढ्या प्रवेशापुरती बहीण हवीय ना!"

दुसरी घंटा. नीलाक्षीचे पाय फळ्यांना चिकटलेत. मागं, उजवीकडे, कुणाचा तरी श्वास ऐकू येतो. तिला तिकडं बघवत नाही.

"मी तिकडं वळले, तर तू गेलास असं होईल," ती कशीबशी म्हणते. "खरंच गेलास, असं."

निरंजन बडीशेप चावायची थांबवतो.

"अगं, मी गेलोच आहे."

हे ती नऊ महिने सगळ्यांकडून ऐकत आली आहे. त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकते. तिला रडू फुटतं, तरी नजर त्याच्यावरून हटत नाही. प्रेक्षकांत चुळबुळ सुरू होते. कुणीतरी फिस्सकन हसतं.

तिसरी घंटा. आता निरंजन पुढं होतो आणि दोन्ही हातांनी तिची हनुवटी पकडतो. लहानपणी ती काढा प्यायची नाही तेव्हा धरायचा ना, तश्शीच. आणि उजवीकडं पिरगाळायला लागतो. ती सगळा जीव मानेत आणून त्याच्याकडेच बघत राहते.

"सोड मेल्या, दुखतंय!"

शब्द तोंडातून जातो आणि ती चपापते. निरंजन मात्र खो खो हसत सुटतो, हसता हसता आणखी जोर लावतो, आणि मान कडकन वाजते.

दिवा लागतो.

"अगं, केवढी वाकडी झोपलीस!" हौसाताई तिच्या पुरुषी वेशाची खोटी मिशी घेऊन उभ्या आहेत. "ऊठ, साडेतीन झाले."

त्या तिच्या डाव्या हाताला आहेत. त्यांच्याकडे बघायला नीलाक्षी मान वळवते आणि किंचाळते. कानामागून खांद्यापर्यंत सणकन कळ जाते. पुन्हा बघते, हळूच. उजवीकडे मान सरळ वळते. डावीकडे तसूभरही हलत नाही.

"घे! आणि हे आज, प्रयोगाच्या दिवशी!" हौसाताई कपाळावर हात मारतात, मिशी टेबलावर टाकून पिशवीत बाम शोधू लागतात. "थांब, चोळून देते, पाच मिनिटांत मोकळी होईल."

नीलाक्षी त्यांचा हात घट्ट धरते. तिचे डोळे वाहतायत आणि ती हसतेय.

"नको हौसाताई, पाया पडते तुमच्या. पडदा पडेपर्यंत राहू दे अशीच."